पहिला बोल्ट किती उंचीवर?

सुट्टीतला बेसिक कोर्स उरकून आलेली पोरं दर हिवाळ्यात एकच प्रश्न विचारतात : जवळपास सोपा रूट कुठे आहे? त्यांना मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात. कुणी म्हणतो तैलबैल्याला जा, कुणी ड्यूक्स नोज सुचवतो, एखादा उत्साही गडी थेट वजीर सुळक्याचं नाव घेतो. पोहे कसे करतात विचारणाऱ्याला लग्नाच्या पंक्तीचा बेत ऐकवावा, तसं.

मागच्या डिसेंबरात हा प्रश्न माझ्याच घरात आला. भाची एकोणीस वर्षांची. वर्षभर संध्याकाळी कृत्रिम भिंतीवर चढत होती, बोटांना घट्टे पडले होते, आणि आता तिला खरा कातळ हवा होता. "मामा, मला सुळका नकोय," ती म्हणाली. "शनिवारी पहाटे निघायचं, तीन-चार रूट चढायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी. असं काही आहे का पुण्याजवळ?"

पंचवीस वर्षं मी अधूनमधून दोराला लोंबकळतो आहे. सुळके, कडे, त्यांच्या पहिल्या चढायांच्या कथा हे सगळं तोंडपाठ. पण बारा-पंधरा मीटरचा, चांगल्या बोल्टचा, नवख्या पोरीने स्वतः दोर लावत चढावा असा एक रूट सांग म्हटल्यावर मी चहाच घेत बसलो. उत्तर शोधायला मग सगळा हिवाळा गेला.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये कातळात आधीच ठरावीक अंतरावर पोलादी बोल्ट बसवलेले असतात. चढणारा दोर कमरेला बांधून निघतो, बोल्टपाशी पोचला की क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेल्या दोन कड्या) लावतो, त्यात दोर अडकवतो आणि पुढे जातो. याला लीड म्हणतात. खाली उभा असलेला जोडीदार दोर सोडतो, वेळ आली की रोखतो. ते झालं बिले. दोर आधीच वरच्या अँकरमधून ओवून खाली आणला असेल तर त्याला टॉप रोप म्हणतात. टॉप रोपवर पडलं तर हातभर खाली येतो, लीडवर पडलं तर शेवटच्या बोल्टच्या वर जितके होतो तितकेच पुन्हा त्याच्या खाली, शिवाय दोराचा ताण आणि ढील. बोल्टवर पाय द्यायचा नाही, त्याला धरून चढायचंही नाही. तो फक्त पडण्यासाठी. चढायचं ते दगडाच्या पकडींवर.

हा 'फक्त पडण्यासाठी'चा भाग सह्याद्रीतल्या जुन्या मंडळींच्या पचनी पडायला वेळ लागला, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडचं प्रस्तरारोहण माथ्याच्या ओढीने वाढलं. मुंबईच्या गिरिविहार क्लबची स्थापना १९५४ ची. त्यानंतरच्या दशकांत मुंबई-पुण्यात क्लब उभे राहिले, मुंब्र्याच्या कातळावर शिबिरं भरू लागली, आणि तिथे शिकलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सुळक्याकडे डोळे लावून बसलेला असे. मेख किंवा बोल्ट मारायचा तो अगदीच इलाज उरला नाही तर. हाताने भोक पाडायचं, हातोडीचे घाव घालत, मनगट भरून येईपर्यंत. त्यामुळे बोल्ट जितके कमी तितकी चढाई मोठ्या मानाची. त्या हिशोबात पंधरा मीटरच्या सोप्या भिंतीला काय किंमत असणार? तिला नाव नाही, माथा नाही, वर जाऊन झेंडा लावावा अशी जागा नाही. ती सरावाची जागा. तिथे झाडाला दोर बांधून टॉप रोप लावायचा, पोरांना चढवायचं, संध्याकाळी दोर गुंडाळून घरी यायचं.

सोपे, छोटे, नीट बोल्ट केलेले रूट आपल्याकडे कमी आहेत ते यामुळे. दुसरं कारण खुद्द दगडाचं.

०००

सह्याद्री म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. हे थर एकजात सारखे नाहीत. काही घट्ट, काळेभोर, ठणठणीत. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, आणि तो दगड उन्हापावसात लवकर झिजतो. घट्ट थराचा कडा उभा राहतो, झिजणाऱ्या थराची उतरण होते, तिच्यावर गवत आणि घसारा माजतो. लोणावळ्याहून खाली बघितलं की डोंगराला पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात त्या अशा. चढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा : उभा, घट्ट कडा मिळतो तो बहुतेक वेळा उंच आणि अवघड असतो. उतार सौम्य झाला, म्हणजे नवख्याला जमेल असा झाला, की नेमका तिथे दगड सुटा, भेगाळलेला, पकडीत माती, भेगेत गवताचा झुपका. युरोपातल्या चुनखडीच्या भिंतीवर सोपा रूट शोधावा लागत नाही. आपल्याकडे तो घडवावा लागतो.

घट्ट बसाल्टची पारख आपल्या पूर्वजांना होती हे लेणी बघितली की कळतं. कार्ले, भाजे, बेडसे इथल्या कारागिरांनी जो थर निवडला तो बघून आजही क्लाइंबरच्या तोंडाला पाणी सुटतं. पण तिथे फक्त बघायचं. संरक्षित स्मारकाच्या दगडाला भोक पाडणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. कान्हेरीच्या आसपासच्या दगडांवर मुंबईच्या पिढ्या शिकल्या, पण तेही राष्ट्रीय उद्यान. तिथे वनखात्याचा शब्द अखेरचा.

शोधाची सुरुवात आम्ही घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर केली. टिळक रस्त्यावर महाराष्ट्रीय मंडळात नंदू पागे यांच्या स्मरणार्थ उभारलेली भिंत आहे, शिवाजीनगरला राजे शिवाजी वॉल आहे. संध्याकाळी अशा भिंतीपाशी जाऊन उभं राहिलं की शहराच्या पोटात एक वेगळंच गाव असल्यासारखं वाटतं. आठ वर्षांचा पोरगा उलटा लोंबकळतोय, त्याची आई बाकावर बसून मटार सोलतेय, कोपऱ्यात दोघं जण दोन बोटांच्या पकडीवर तावातावाने वाद घालताहेत. रूट कुठे आहेत, कोणाकडे चावी आहे (इथे चावी म्हणजे माहिती), कुठला बोल्ट हलतोय, हे सगळं इथे कळतं. मोबाईलच्या ॲपमध्ये टोपो सापडतात, म्हणजे भिंतीच्या चित्रावर रूटची रेघ आणि बोल्टच्या खुणा. पण गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीचा वरचा धोंडा खाली आला हे ॲपला ठाऊक नसतं. बाकावरच्या माणसाला असतं.

भाचीच्या पहिल्या धक्क्याची तयारीही इथेच झाली, ते अर्थात नंतर कळलं. ती भिंतीवर ६ ए चढायची. ही फ्रेंच प्रतवारी, भारतात स्पोर्ट रूटला बहुधा हीच लावतात. ४ म्हणजे दोराने चढलेली अवघड शिडी समजा, ५ मध्ये ए, बी, सी असे पोटभाग, आणि ६ ए पासून हात भरून यायला लागतात. भिंतीवर पकडी रंगीत असतात. लाल पकड संपली की पुढची लाल शोधायची. कातळाला रंग नसतो. पहिल्यांदा बाहेर गेली तेव्हा ५ ए वर ही पोरगी चार मिनिटं एका जागी उभी. हात ठीक होते, पाय कुठे ठेवायचा तेच दिसेना. तेव्हा भिंतीवरची प्रत बाहेर नेऊ नका. दोन घरं खाली उतरा आणि तिथून सुरू करा.

मुंबईकरांचं नशीब याबाबत बरं आहे. मुंब्रा आणि बेलापूर, दोन्ही लोकलच्या अंतरावर. पारसिकच्या डोंगराची ही दोन टोकं म्हणायला हरकत नाही. बेलापूरला सीबीडीच्या मागे, वसाहतीच्या शेवटच्या घरांना लागून कातळ सुरू होतो. गिरिविहारने तिथे वर्षानुवर्षं नैसर्गिक कातळावर स्पर्धा भरवल्या, आणि त्या वेडातूनच पुढे मे २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा (बिनदोराच्या बुटक्या चढाईचा) विश्वचषक झाला. जून २०१७ मध्ये पुन्हा एकदा. क्रिकेटच्या या मुलखात जगातले अव्वल क्लाइंबर वाशीला येऊन चढून गेले आणि शेजारच्या नोडमधल्या लोकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी बेलापूरला गेलो. सकाळी सातला सावली होती, दहा वाजता तवा. काळा बसाल्ट उन्हात तापला की चढता येत नाही, घामाने बोटं सरकतात आणि बुटाचं रबर लोण्यासारखं होतं. पश्चिमेकडे तोंड केलेली भिंत सकाळी, पूर्वेकडची दुपारनंतर, एवढं पंचांग पाठ असलं तरी निम्मा दिवस वाचतो. तिथे लहान दगड भरपूर, गादी टाकून बिनदोराचं चढायला उत्तम. पण भाचीला लीड करायचं होतं. आणि खाडीजवळच्या बोल्टबद्दल माझ्या मनात एक अढी आहे.

ती अढी उगाच नाही. खारी हवा लोखंडाला खाते हे कोकणातल्या कुठल्याही खिडकीचे गज सांगतील. पण स्टेनलेस स्टीलसुद्धा समुद्राजवळ आतून तडकू शकतं, बाहेरून चकचकीत दिसत असताना. जगात काही किनाऱ्यांवर असे बोल्ट हाताच्या झटक्याने तुटले आहेत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने आपल्या बोल्टच्या मानकात गंजरोधाच्या श्रेणी आणल्या, आणि समुद्रकाठी टायटॅनियमच्या चिकटवलेल्या बोल्टची शिफारस होते. आपल्याकडे जुन्या रूटवर अजून साध्या लोखंडाचे रॉल बोल्ट दिसतात, त्यांवर नंतर कुणीतरी स्टेनलेसचा हँगर, म्हणजे क्विकड्रॉ अडकवायचा धातूचा कान, चढवलेला. दोन वेगळे धातू, मधे ओल. गंजायला आणखी काय लागतं?

०००

पुण्याजवळ अखेर जी जागा मिळाली तिचं नाव मी इथे लिहीत नाही. गावकऱ्यांनी नुकतीच कुठे आम्हाला गाडी लावायला जागा दिली आहे, आणि दिवाळी अंक वाचून शंभर गाड्या तिथे गेल्या तर पुढच्या हिवाळ्यात आमचीही जायची सोय उरणार नाही. भिंतीवर जाऊन दोन संध्याकाळी बसा, तिथलं कुणीतरी तुम्हाला घेऊन जाईल. तसंच जायला हवं.

शहरातून तासाभराचा रस्ता, मग करवंदीच्या जाळ्यांतून वीस मिनिटांची चाल. भिंत जेमतेम अठरा मीटर उंच, काळी, जरा मागे कललेली. तिच्यावर सहा रूट, त्यांतले तीन ५ सी च्या आतले. आमच्याबरोबर एक प्रशिक्षक होता. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणतो, माझ्याहून बारा वर्षांनी लहान असून. पोरांपैकी एकाने पहिल्याच मिनिटाला यशवंती घोरपडीचा विषय काढला. दर बॅचमध्ये कुणीतरी काढतोच. दादा म्हणाला, "घोरपडीला बिले द्यायला कुणी नव्हतं. तुला आहे. आधी हेल्मेट घाल."

मग त्याने हातोडी काढली. साधी, लहान. टॉप रोप लावायला तो बाजूच्या सोप्या वाटेने वर गेला आणि उतरताना दोराला लटकून एकेक बोल्ट आणि पकड ठोकत आला. मी खाली कान देऊन उभा. घट्ट बोल्टचा आवाज येतो 'टण्ण', थोडा उंच, आणि तो लगेच मरतो. दगडही तसाच. पोकळ धोंडा ठोकला की डब्यासारखा वाजतो, डबडब. तिसऱ्या बोल्टच्या उजवीकडे भाकरीएवढी एक पकड होती, बघताच हात जावा अशी. ती डबडबली. दादाने खडूने तिच्यावर फुली मारली आणि ओरडला, "ही कुणी ओढायची नाही. पुढच्या खेपेला पहार आणून काढू." चौथ्या बोल्टचा हँगर बोटाने गरगर फिरला. नट सैल. खिशातून पाना काढला, आवळला, पुन्हा ठोकला, पुन्हा ऐकला. सहा रूटना पाऊण तास. तोवर पोरं कंटाळून सेल्फी काढत होती.

दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला तेव्हा आठवली. भाचीला तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर एका वीकेंड कंपनीने 'रॉक क्लाइंबिंग'ला नेलं होतं. मी सहज म्हणून पोचवायला गेलो. वर बघतो तर टॉप रोप एकाच बोल्टवर, एकाच कॅराबिनरमधून. दुसरा आधार नाही. विचारलं तर उत्तर आलं, "काका, रोज चाळीस जण चढतात, काही होत नाही." मी भाचीला घेऊन परत आलो, ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. अँकर म्हणजे कमीत कमी दोन स्वतंत्र आधार. एक सुटला तर दुसऱ्याने धरायचं. ही या खेळाची मुळाक्षरं आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात अशा आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. त्यामुळे हल्ली मी आधी नोंदणीचा कागद मागतो आणि मग वर बघतो. कागद असला तरी वर बघतोच.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. नवख्यासाठी रूट शोधताना सगळे प्रतवारी विचारतात. ४ आहे का, ५ ए आहे का? मीही तेच विचारत होतो. दादा मात्र वेगळंच बघत होता : पहिला बोल्ट किती उंचीवर आहे, दुसरा त्याच्यापासून किती लांब, आणि इथून पडलं तर माणूस कशावर आपटेल.

हे ऐकायला उलटं वाटेल, पण अवघड रूटवर पडणं बऱ्याचदा सोप्या रूटवरच्या पडण्यापेक्षा बरं असतं. अवघड भिंत पुढे झुकलेली असते. पडलात की हवेत लोंबकळता, कशावर आदळत नाही. सोपा रूट सोपा असतो तो मागे कललेला असतो म्हणून, त्याला पायऱ्या, कट्टे, खोबणी असतात म्हणून. नेमक्या त्याच कट्ट्यांवर घोटा आपटतो. दुसरी गंमत अशी की रूटला बोल्ट मारतो तो मुरलेला क्लाइंबर. त्याला ४ च्या प्रतीची पहिली पाच मीटर म्हणजे चालणंच वाटतं, मग तो पहिला बोल्ट थेट पाच मीटरवर मारतो. बोल्टही वाचतो, बॅटरीही. त्याच्यासाठी ते बरोबर असेलही. पहिल्यांदा लीड करणारी पोरगी तिथपर्यंत बिनदोराचीच चढते आहे.

त्या भिंतीवरच्या डावीकडच्या रूटचा हिशोब दादाने मातीत काडीने रेघा मारून मांडला. पहिला बोल्ट तीन मीटरवर, दुसरा साडेपाच मीटरवर. तुझी कंबर साडेचार मीटरवर आहे. दुसऱ्या बोल्टमध्ये दोर अडकवायला तू डोक्यावर हात नेऊन दोर ओढलास, म्हणजे वर-खाली मिळून दोनेक मीटर जादा दोर मोकळा झाला. नेमका तेव्हा पाय सुटला. आता मोज. पहिल्या बोल्टपर्यंत दीड, त्याच्याखाली दीड, वर मोकळे दोन. पाच मीटर. होतीस किती उंचीवर? भाची म्हणाली, "साडेचार." मग गप्प झाली.

"म्हणून घाई करायची नाही," दादा म्हणाला. "बोल्ट कमरेशी येईपर्यंत चढ, मग क्लिप कर. डोक्यावर हात ताणून नाही. आणि दुसरा बोल्ट लागेपर्यंत बिलेवाल्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं, ढील अजिबात ठेवायची नाही."

मधल्या रूटचा पहिला बोल्ट अडीच मीटरवर होता, दुसरा पावणेचारवर, खाली सपाट माती. प्रत ५ बी. डावीकडचा ४ सी. म्हणजे आकड्याने अवघड होता तो मधला. दादाने भाचीला मधला दिला.

तिने आधी तो टॉप रोपवर दोनदा चढून घेतला. मग दोर खाली ओढला. गाठ बांधली, फिगर ऑफ एट, मी ती बोटाने मोजून बघितली, तिने माझा बिले डिव्हाइस आणि लॉक बघितलं. हे एकमेकांचं बघणं दरवेळी करायचं, नवरा-बायको असलात तरी. दोराच्या माझ्याकडच्या टोकालाही गाठ मारली, कारण दोर कमी पडून टोक बिले डिव्हाइसमधून निसटल्याने उतरताना झालेले अपघात जगभर भरपूर आहेत.

"मामा, बिले?"

"ऑन."

"क्लाइंबिंग."

पहिला बोल्ट सुरळीत. दुसऱ्याशी थांबली, बोल्ट कमरेशी येऊ दिला, क्लिप केला, मोठा श्वास सोडला. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे एक जागा आहे, उजवा पाय एका तिरक्या खोबणीवर ठेवून शरीराचा सगळा भार त्याच्यावर टाकावा लागतो, हाताला तेव्हा फारसं काही नसतं. टॉप रोपवर ती तिथून दोन्ही वेळा न थांबता गेली होती. आता पाय थरथरायला लागला. आमच्यात याला शिलाई मशीन म्हणतात.

"टेक!" म्हणजे दोर ताणून मला धर.

"टेक नाही," खालून दादा. "बोल्ट तुझ्या गुडघ्याशी आहे. पडलीस तर दीड-दोन मीटर, खाली कट्टा नाही. पाय बघ. टाच खाली कर."

तिने टाच खाली केली, थरथर थांबली, उभी राहिली आणि पडली. पाय सरकला. माझ्या कमरेला झटका बसला, मी वीतभर वर उचललो गेलो, ती दोन मीटर खाली येऊन भिंतीला पाय लावून लटकली. सगळे गप्प. मग वरून हसण्याचा आवाज. "इतकंच?"

पुन्हा चढली, अँकरला पोचली. पुढचं खरं धोक्याचं काम म्हणजे उतरण्याआधी दोर अँकरच्या रिंगमधून ओवून घेणं. ते त्या दिवशी तिला करू दिलं नाही. ते जमिनीवर, कंबरेएवढ्या उंचीच्या रिंगवर पंचवीस वेळा करून मगच. घाईत चुकायची शक्यता इथे सगळ्यात जास्त, आणि चूक एकदाच होते.

०००

मधल्या रूटचे हे पाच बोल्ट कुठून आले, हे मी दादाला जेवताना विचारलं. भाकरी, ठेचा, पिठलं. गावातल्या ताईंनी करून दिलेलं, माणशी पैसे ठरलेले. कळलं ते असं : तीन रविवार नुसतं साफ करण्यात गेले. वरून दोर टाकून गवत उपटणं, सुटे धोंडे पहारेने काढणं, तारेच्या ब्रशने खोबणी घासणं. मग टॉप रोप लावून वेगवेगळ्या उंचीच्या चौघांना चढवलं, बुटक्या पोरीचा हात जिथून पोचेल ती बोल्टची जागा. मग बॅटरीवरचं ड्रिल, भोकातली धूळ फुंकणीने काढणं (धूळ राहिली तर बोल्ट पकडत नाही), बोल्ट, हँगर, टॉर्क रेंच. एक बोल्ट-हँगर जोडी काहीशे रुपयांची, वर अँकरच्या दोन रिंगा, साखळी. सगळा खर्च खिशातून आणि मित्रांकडून. अवघड रूट उभा केला तर निदान पहिला चढणारा म्हणून नाव लागतं. ५ बी उभा केला म्हणून कोण कौतुक करणार?

सह्याद्रीतल्या जुन्या चढायांवरचे गंजके बोल्ट काढून नवे बसवण्याचं काम सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्हसारख्या गटांनी स्वयंसेवकांच्या बळावर केलं आहे, आणि ते मोलाचं आहे. पण तो भर मुख्यतः सुळक्यांवर. माझं म्हणणं क्लबांना पटणार नाही, तरी सांगतो : दरवर्षी एका सुळक्याच्या मोहिमेऐवजी त्याच खर्चात दहा सोपे रूट उभे करा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, २०२४ ला पॅरिसमध्ये वेगाच्या शर्यतीला वेगळं पदक मिळालं, शहरात भिंती वाढताहेत, त्यांच्यावर पोरं वाढताहेत. त्यांना बाहेर पडायला दारच नाही.

म्हणून मग ती बदामीला जातात. पुण्याच्या भिंतीवर भेटलेल्या बऱ्याच तरुणांनी पहिला खरा लीड केला तो साडेचारशे किलोमीटरवर, कर्नाटकात. चालुक्यांनी सहाव्या शतकात जो लालसर वालुकाश्म कोरला, त्याच्याच आसपासच्या भिंतींवर परदेशी आणि बंगळूरच्या क्लाइंबरांनी बोल्ट मारून ठेवले आहेत. त्या दगडाला आडव्या भेगा, त्यांत अख्खा हात जातो. त्यामुळे ५ च्या प्रतीचे रूट मुबलक आणि त्याच गावात 'गणेश' नावाचा ८ बी प्लसही, जो पुण्याच्या तुहिन सातारकरने चढला आहे. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आपली पहिलटकरीण. असा शेजार आपल्याकडे हवा. आम्हीही फेब्रुवारीत जाऊन आलो. भाचीने चार दिवसांत अकरा लीड केले, माकडांनी आमची केळी नेली. वालुकाश्म पाऊस पडल्यावर मऊ पडतो, पकडी मोडतात, त्यामुळे ओल्या दगडावर चढायचं नाही एवढं तिथल्या माणसांनी बजावून सांगितलं. पण साडेचारशे किलोमीटरला घराजवळ म्हणत नाहीत.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही परत त्या नाव न सांगितलेल्या भिंतीवर गेलो तर उजव्या टोकाच्या रूटवर, अँकरच्या बरोब्बर खाली, आग्यामोहोळ बसलेलं. टोपलीएवढं. दादाने खालून दुर्बिणीने बघितलं, कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही, आणि अख्खी तुकडी घेऊन मागे फिरला. पोरं कुरकुरली. पन्नास मीटर बाजूचे रूट मोकळे होते की. पण दोराला बांधलेल्या माणसाला माश्यांपासून पळता येत नाही. त्या दिवशी आम्ही गावात बसून गाठी मारल्या आणि साडेबाराला घरी जेवायला पोचलो.

भाची आता डावीकडचा ४ सी मागते आहे. दादाने त्यावर पहिल्या दोन बोल्टच्या मधे आणखी एक बोल्ट मारायचं ठरवलं आहे, पाऊस संपून भिंत वाळली की. तोवर त्याच्या सुरुवातीला खडूने लिहिलंय, 'फक्त टॉप रोप'.

या हिवाळ्यात तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी अशा भिंतीवर जाणार असेल तर ज्याने ती वापरली आहे अशा माणसाबरोबर जा. पहिला बोल्ट जमिनीपासून किती उंचीवर आहे ते बघा, दुसरा किती लांब ते बघा, हँगर बोटाने फिरवून बघा. फिरला, गंजलेला दिसला किंवा दगड डबडबला, तर तो रूट त्या दिवशी सोडा आणि फोटो काढून तिथे काम करणाऱ्या क्लबला पाठवा. आणि जमलं तर एका बोल्टचे पैसे द्या.